वीतभर जागा

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधून गॅदरिंगच्या तालमी ऐकू यायला लागतात. एकच गाणं चाळीस वेळा. मधेच कुणी बाई ओरडते, "ए मागची रांग, दिसत नाही आहात तुम्ही, पुढे या!" आणि मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी असते ती उगाचच एक पाऊल मागे घेते. बाई मला सांगत नसते. ती पुढे या म्हणत असते, आणि मी मागे जाते. ही अक्कल मला म्हातारपणी आली, तीसुद्धा गॅलरीत, जिथे तिचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

लोकांना डिसेंबर म्हटलं की हुरडा आठवतो, स्वेटर आठवतात, पर्वतीवर जाऊन आलेली लाल नाकं आठवतात. मला कँटीनचा वास आठवतो. फिनेल, वाटाण्याची उसळ आणि मशीनचं तेल. भोसरीकडच्या कारखान्यांत स्नेहसंमेलनं कँटीनमध्येच व्हायची. जेवणाची टेबलं एकमेकांना जोडायची, वर जाजम टाकायचं की झालं स्टेज. टेबलं सारख्या उंचीची असतीलच असं नाही. आमची गायिका एकदा दुसऱ्या कडव्यात अचानक दोन इंच खाली गेली होती. सूर मात्र तिने सोडला नाही.

आमचा लेडीज ऑर्केस्ट्रा होता. सगळ्या बायका. माझी नात मुक्ता तिच्या मंडळींना कव्हर बँड म्हणते. कव्हर बँड म्हणजे काय, तर दुसऱ्यांची गाणी आपण वाजवायची. आम्ही तेच करत होतो. नाव ऑर्केस्ट्रा होतं आणि लाज कमी होती, एवढाच काय तो फरक. डिसेंबर-जानेवारी हा आमचा सुगीचा काळ. शाळा, कॉलेजं, कारखाने, सरकारी वसाहती, सगळ्यांना एकदमच करमणुकीची हुक्की यायची. रविवारी सकाळी भोसरी, संध्याकाळी खडकवासल्याकडे कुठेतरी, आणि मधे टेम्पोत मागे बसून, गुडघ्यांत ड्रम धरून, डब्यातली पोळीभाजी.

ड्रम माझे. मी ड्रम वाजवायचे. आता हे वाक्य लिहितानाही मान ताठ होते बघा. गुण काही जात नाही.

थोरल्या भावाने कॉलेजात हौसेने शिकायला घेतलं आणि परीक्षेत आपटल्यावर सोडलं. त्याच्या काठ्या मी उचलल्या. आधी पिठाचे डबे, मग आईच्या शिव्या, मग भाड्याचे ड्रम, असा माझा संगीताचा प्रवास. बावीस वर्षांची होते. बेलबॉटम, डोळ्यांवर गॉगल, तोही कँटीनच्या आत, जिथे मुळातच चार ट्यूबा होत्या आणि त्यांतली एक फडफडत असायची. गॉगलमुळे मला झांज नीट दिसायची नाही. काठी हवेत उडवून झेलायची, असा एक प्रकार मी कुठेतरी पाहिला होता. दहांतून चार वेळा जमायचं. एकदा ती काठी पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर गेली. त्यांनी ती उठून, नमस्कार करून, परत आणून दिली. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग. मलाही पुढे तसंच वाटायला लागलं.

ऑर्केस्ट्रा नलूताईंचा. नलूताई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवायच्या. स्टेजवर पाऊल ठेवलं की पहिलं काम, पर्समधून खडू काढायचा आणि जाजमावर जागा आखायची. गायिकेला पुढे गोल. बोंगोवालीला मागे डावीकडे पट्टा. मला मधोमध चौकोन. सिंधूला माझ्या उजव्या हाताला एक लंबगोल. पुण्यात तेव्हा जो तो प्लॉट पाडत सुटला होता, नलूताई स्टेजवर पाडायच्या. आणि प्लॉट म्हटला की शेजाऱ्याच्या हद्दीत सरकणारा एक जण असतोच. आमच्यात ती मी.

सिंधू अकॉर्डियन वाजवायची. येरवड्याची. तिचे मामा कँपातल्या बँडमध्ये होते, त्यांचं हे अकॉर्डियन. लहानपणापासून वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर ती वाजवत आलेली. गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा तिच्या बोटांतून यायचं. अंगाने एवढीशी, आणि वाद्य अवाढव्य. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अकॉर्डियनलाच दोन पाय फुटलेत. त्याच्या भात्याची एक गोष्ट आहे, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. भाता डावीकडे उघडतो. डावा हात बाहेर, आणखी बाहेर, पार लांब जातो तेव्हा सूर लांबतो. माणसाला छाती भरून श्वास घ्यावा लागतो, तसंच. सिंधूच्या डावीकडे कोण, तर मी.

सीझन सुरू झाला तेव्हा माझे चार नग होते. पायाने वाजवायचा मोठा बेस, मांडीपाशी साइड ड्रम, वर टॉम नावाचा एक छोटा ड्रम आणि एक झांज. चारांत सगळं व्हायचं. खरं सांगायचं तर चारांतच सगळं व्हायचं. पण नोव्हेंबरात एका पुरुषांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम बघितला आणि त्यांचा ड्रमर सात नगांच्या मधोमध बसलेला पाहिला. डोकंच दिसत होतं त्याचं. मी ठरवलं, आपलं डोकंही दिसता कामा नये.

मग दर रविवारी एक नग वाढला. कुणाच्या बँडमधून उतरलेला टॉम, कँपातल्या जुन्या बाजारातली चिरलेली झांज, आणि सगळ्यात शेवटी तीन पायांवर उभा राहणारा, घागरीएवढा मोठा फ्लोअर टॉम. एकूण नऊ. नऊपैकी पाच मला वाजवताच यायचे नाहीत. ते नुसते उभे असायचे, लग्नात लांबच्या काकांनी उभं राहावं तसे. कामाला कुणी नाही, पण जागा तर अडवलीच पाहिजे. आणि तो तीन पायांचा टॉम ठेवायचा कुठे, तर ड्रमरच्या उजव्या हाताला. शिरस्ताच तसा आहे. शिरस्त्याच्या आडून माणसाला काय काय करता येतं.

शिवाय वीट होती. पायाने बेस हाणला की तो दर ठोक्याला बोटभर पुढे सरकतो. म्हणून त्याच्यापुढे वीट ठेवायची असते. आमची वीट पोत्यात गुंडाळलेली, टेम्पोत माझ्या पायाशी असायची. मी ती विसरायला लागले. मुद्दाम विसरायला मोठं कौशल्य लागतं. टेम्पोतून सगळं उतरवायचं, वीट तेवढी राहू द्यायची. गाण्यागणिक ड्रम पुढे, त्यांच्यामागे माझं स्टूल पुढे, आणि मध्यंतरापर्यंत मी थेट उजेडात. खडूचा चौकोन मागे राहिलेला, रिकामा. नलूताई म्हणायच्या, "शालू, वीट कुठाय?" मी कपाळावर हात मारायचे. अभिनयात करिअर केलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाचं नुकसान झालं नसतं.

त्यातल्याच एका रविवारी भोसरीत टेबलं कमी पडली होती. सिंधूच्या उजवीकडे भिंत, डावीकडे माझा तीन पायांचा टॉम. पडदा नव्हताच, लोक येऊन बसत होते. ती वाकून हळूच म्हणाली, "शालू, वीतभर सरकव ना गं. भाता उघडत नाहीये."

वीतभर. हातही नाही मागितला तिने.

मी म्हटलं, "मग थोडा कमी उघड की. लोक ड्रम बघायला येतात बाई, भाता नाही."

मोठ्याने म्हटलं. बोंगोवाली हसली, गायिका हसली. सिंधूही हसली. ती हसली नसती, चिडली असती, टॉमला एक लाथ घातली असती, तर माझं आयुष्य जरा सोपं झालं असतं.

भाता पुरता उघडत नसेल तर काय होतं, ते मला माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सगळं माहीत होतं. हाताच्या अंतरावर ऐकत होते मी. लांब सूर अर्ध्यातच परत फिरवावा लागतो. जिथे धार लागायला हवी तिथे उचकी लागते. सिंधू चार रविवार तशी वाजवत राहिली, डावा कोपर बरगडीशी घट्ट धरून, पंख बांधलेल्या कोंबडीसारखी. तिच्या सुरावटीवर ज्या गाण्यांना टाळ्या पडायच्या, त्यांना पडेनाशा झाल्या. माझ्या नऊ नगांना पडत होत्या. वाजवण्याला नव्हे. नगांना.

जानेवारीत एका तालमीला नलूताई म्हणाल्या, "सिंधू, हल्ली सूर तुटतोय तुझा. रियाज सोडलास का?"

सिंधूने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी एका टॉमचा स्क्रू आवळत होते. तो आधीच आवळलेला होता.

"करते रियाज," ती म्हणाली.

"मग लागत का नाही?"

एवढंच बोलायचं होतं मी, की ताई, माझा टॉम आड येतोय. सहा शब्दसुद्धा नाहीत. स्क्रूने शेवटी चामडं फाडलं.

पुढच्या रविवारी नलूताईंनी जागा आखली. गायिकेचा गोल, बोंगोवालीचा पट्टा, माझा चौकोन. लंबगोल नव्हता. खडू पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या, "शालू, आता काय, ऐसपैस बस."

मी बसले. ऐसपैस बसले.

अकॉर्डियनचे तुकडे नलूताई ऑर्गनवर भरून काढायच्या. कुणी विचारलं नाही की ती बारकी मुलगी कुठे गेली. कारखान्याच्या साहेबांनी नाही, प्रेक्षकांनी नाही. एखाद्याने तरी विचारलं असतं तर मला खोटं तरी बोलावं लागलं असतं. तेवढीही तोशीस मला कुणी दिली नाही. पुढे दोन-तीन वर्षांत ऑर्केस्ट्रा मोडला, माझं लग्न झालं, ड्रम माळ्यावर गेले. त्या तीन पायांच्या टॉमचं चामडं काढून सासूबाईंनी त्यात कांदे भरले. हवा खेळती राहते म्हणाल्या. त्या टॉमचा जगात कुणाला झालेला हा एकमेव उपयोग.

सिंधू मला त्यानंतर एकदाच भेटली. कात्रजच्या बसमध्ये, मुलगा दहावीला होता तेव्हा. ती खिडकीशी बसलेली. मला ओळखलं आणि लगेच सरकली.

"ये शालू, बस की."

इतकी सरकली की माझ्याशेजारी अजून एक बाई मावली असती.

"वाजवतेस का गं?" मी विचारलं. निर्लज्ज प्रश्न होता, पण काहीतरी बोलायला हवं ना.

"नाही. पेटीत आहे. मधे काढलं होतं, तर भाता चिकटलाय. उघडत नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी आपुलकीने, "तुझे ड्रम?"

"माळ्यावर."

"एवढे मोठे? मावले?"

ते टोचून होतं की साधं, मला आजही ठरवता आलेलं नाही. ती टेलिफोनच्या ऑफिसात लागली होती. तेवढंच सांगितलं तिने, आणि मग मी माझ्या स्टॉपपर्यंत मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलत राहिले. तिच्या डावीकडे खिडकी होती, सताड उघडी. हात बाहेर काढून बसावं अशी हवा होती. पण तिचा कोपर अंगाशी घट्ट होता. थंडी वाजत असेल, असं मी उतरताना स्वतःला सांगितलं. मे महिना होता.

हे सगळं मुक्ताला मी कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितली ती नऊ नगांची कथा. पुण्यातली एकुलती एक ड्रम वाजवणारी पोरगी, बेलबॉटम, गॉगल, पाहुण्यांच्या मांडीवरची काठी. ती लहान असताना जेवत नसली की मी पिठाच्या डब्यांवर ते वाजवून दाखवायचे. आजी भारी होती, हे तिच्या डोक्यात मीच भरवलं, घासाघासाने. त्यामुळे पोरीने ड्रम घेतले तेही दांडगे घेतले. आठ नग. "तुझ्याहून एक कमी, आजी. रिस्पेक्ट!"

या डिसेंबरात तिच्या बँडला बाणेरच्या एका कॅफेत रविवार दुपारचे कार्यक्रम मिळाले. स्टेज म्हणजे कोपऱ्यात दोन पलंगांएवढा चौथरा. चार मुलं, एक कीबोर्ड, आणि ईशा नावाच्या मुलीचं व्हायोलिन. परवा मुक्ता माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनवर बोलत होती.

"नाही यार, माझा सेट कमी नाही होणार. वाटलं तर व्हायोलिन ड्रॉप करू. तशीही ईशा हल्ली ऑफ वाटते. टाइटच नाही वाजवत."

मी पोळी तव्यावर टाकली होती, ती करपली. मी विचारलं, "ईशा उभी कुठे राहते गं? तुझ्या कुठल्या बाजूला?"

"का? उजवीकडे. माझ्या फ्लोअर टॉमच्या पलीकडे."

"तिचा हात मोकळा होतो का?"

"आजी, तुला काय करायचंय?"

मग मी सांगितलं. वीट, टॉम, वीतभर, स्क्रू, सगळं. गॅस बंद करून, ओट्याकडे तोंड करून सांगितलं, कारण तिच्याकडे बघून जमलं नसतं.

"म्हणजे तू व्हिलन होतीस?"

"व्हिलन व्हायला डोकं लागतं. मी नुसती पसरले होते."

"जोक नको करू आजी. ती आहे का अजून? सिंधूआजी?"

"माहीत नाही."

"शोधलंस कधी?"

"नाही."

"एकदापण?"

मी करपलेली पोळी खरवडत बसले. ती म्हणाली, "आणि मला लहानपणापासून नाइन पीसचं कौतुक सांगत होतीस." कप सिंकमध्ये ठेवला आणि निघून गेली. जाताना नेहमी "येते गं" म्हणते. ते म्हणाली नाही. पंचवीस वर्षं घास भरवून उभं केलेलं माझं स्मारक पाच मिनिटांत पाडलं, आणि आश्चर्य म्हणजे पाडायलाही मीच हवी होते.

रविवारी तरी मी गेले. बोलावलं नव्हतं. रिक्षा करून गेले. चौथऱ्यावर मुक्ताचे तीनच नग होते. बेस, साइड ड्रम आणि दोन झांजांची एक जोडी. मधे ईशा, व्हायोलिन घेऊन. माझ्या जिवात कसा जीव आला म्हणून सांगू. कार्यक्रमाआधी मुक्ताला गाठलं.

"कमी केलेस तू."

"मॅनेजर टेप घेऊन आला, आजी. म्हणाला, एवढंच बसेल, नाहीतर घरी जा. तुझ्यामुळे नाही. ओव्हरथिंक करू नकोस."

बरं. निदान एक गोष्ट तरी माझ्यामुळे झालेली नाही.

मला चौथऱ्याला खेटून असलेलं टेबल दिलं होतं, आजी म्हणून मानाचं. पर्स एका खुर्चीवर, शाल दुसरीवर, मी तिसरीवर. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी ईशा वाकली. बारीक, चष्मेवाली, घाबरट मुलगी. हळूच म्हणाली, "आजी, सॉरी हं. खुर्ची थोडी सरकवाल का? व्हायोलिनचा बो लागतोय तिला."

तोंडातून आपसूक काहीतरी खवचट निघणार होतं. सत्तरीतही जिभेवर तयार असतं ते. मी गिळलं आणि वीतभर सरकले.

"बास?"

"थँक यू आजी. बास."

पण मला ते बास वाटेना. मी आणखी सरकले. मग शाल उचलली, पर्स उचलली, अख्खी खुर्चीच ओढत नेली ती थेट भिंतीपर्यंत, खांबाच्या मागे. वेटर पोरगी म्हणाली, "आजी, इथून काही दिसणार नाही तुम्हाला." खरंच दिसत नव्हतं. मुक्ता दिसत नव्हती, तिच्या काठ्या दिसत नव्हत्या.

ऐकू मात्र सगळं येत होतं. तीन नगांत पोरगी जे वाजवत होती, ते मला नवांत कधी जमलं नव्हतं. आणि मग व्हायोलिनचा तो लांब सूर आला. मी श्वास रोखून त्याच्या तुटण्याची वाट बघत बसले. तो अर्ध्यावर गेला, पाऊणावर गेला, कुठेही न अडखळता थेट टोकापर्यंत गेला आणि तिथे सावकाश थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाजवता आल्या नाहीत. माझा डावा कोपर अंगाशी घट्ट होता. डावीकडची जागा रिकामी होती.